लाल खुणा नसलेला नकाशा

आमच्या साहेबांनी कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याला वेगळी खोली मिळाली, नवा पंखा मिळाला आणि आम्हाला चपला बाहेर काढायची सक्ती झाली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सावंतवाडीतल्या त्या खाजगी कार्यालयात मी इमारतींचे नकाशे काढायची. तोवर साहेब छापील प्रतीवर लाल पेन्सिलीने दुरुस्त्या करायचे आणि तीच प्रत कामावर जायची. आता ते पडद्यावरच लाल रेघा मारायचे. मी त्याप्रमाणे नकाशा सुधारायचा, लाल रेघा पुसायच्या आणि स्वच्छ प्रत छापायची. कोपऱ्यात साहेबांची बारीकशी सही. "बघ, एक डाग नाही!" ते खूश होऊन म्हणायचे. मला तो पांढराफटक कागद मुळीच आवडायचा नाही, पण मला विचारतो कोण?

आरोंद्याच्या बाजूला एका वाडीत शाळेचं काम चाललं होतं. पावसाचा मारा वर्गात येतो म्हणून साहेबांनी दारावरचा छज्जा रुंद करायचं ठरवलं. रुंदी त्यांनी ठेकेदाराला तोंडी सांगितली, सळया मात्र नकाशात कळवू म्हणाले. छज्जा भिंतीतून नुसता बाहेर येतो, खाली आधार नसतो. रुंद केला की सळया जाड आणि जवळजवळ लागतात. ते सगळं पडद्यावर तपासून झालं आणि नवी प्रत कामावर गेली.

एका सकाळी साहेब कुडाळला गेलेले असताना शिपाई चहा ठेवता ठेवता म्हणाला, "बाई, आरोंद्याचो ठेकेदार इलो होतो. म्हणता, नवो कागद तपासून धाडा. त्येच्यार लाल नाय."

"मग काम थांबलंय?"

"खंयचा थांबता! जुन्या लाल कागदाप्रमाणे सळये बांधल्यानी. आज छज्जो ओतूक घेतलो."

छज्जा नवा, रुंद. सळया जुन्या, बारीक. एकदा काँक्रीट सुकलं की आत काय आहे ते कोणाच्या बापाला दिसणार नव्हतं. खालच्या फळ्या काढल्या की तो पोरांच्या डोक्यावर कधी येईल याचा नेम नव्हता. कामावर फोन नव्हता. नव्या नकाशाची आणखी एक प्रत उचलून मी स्टँडकडे धावले.

एसटी मिळाली, पण ड्रायव्हर वाटेत एकाशी गप्पा मारत थांबला. मी खिडकीतून ओरडले. लोक माझ्याकडे बघायला लागले. बघू देत, म्हटलं.

पोचले तेव्हा छज्ज्याच्या एका टोकाला काँक्रीट पडलेलं होतं आणि घमेली वर चाललीच होती. "थांबवा!" मी नकाशा ठेकेदारांच्या हातात कोंबला. त्यांनी तो उलटसुलट केला.

"बाई, हो कोरो कागद आसा. ह्येच्यार लाल खंय?"

"अहो, साहेबांनी पडद्यावर तपासलाय!"

"तां तुमच्या पडद्यार. माका कसा दिसतला? कोऱ्या कागदार मी काम तोडूचंय नाय." आणि वळून गड्यांना म्हणाले, "चलांदे रे."

असा संताप आला की रडूच फुटलं असतं. तेवढ्यात शेजारच्या जुन्या वर्गातून गुरुजी गलका ऐकून बाहेर आले. त्यांच्या खिशाला लाल पेन होतं. मी ते न विचारताच ओढून घेतलं. नकाशा भिंतीला टेकवून छज्ज्याभोवती गोल काढला, सळयांची जाडी आणि अंतर ठळक लिहिलं, खाली माझी सही ठोकली.

ठेकेदारांनी एकदाच बघितलं. "हां! आता कसो तपासलेलो कागद!" मग ओरडले, "थांबा रे! ओतलेला सगळा खरवडून काढा!"

काय बदललंय, का बदललंय, काही विचारलं नाही. माझ्या सहीला काडीची किंमत नाही हेही बघितलं नाही. गडी ओलं काँक्रीट फावड्याने खाली लोटायला लागले.

मला हायसं वाटायला हवं होतं, पण अंगावर काटा आला. घाईत मी भलताच आकडा लिहिला असता, तरी त्यांनी तो एवढ्याच विश्वासाने बांधला असता. गुरुजींच्या मागून पोरं दाराशी येऊन वर बघत उभी होती. मी ठेकेदारांच्या हातातून कागद परत घेतला आणि मी लिहिलेला आकडा खालच्या छापील आकड्याशी बोट ठेवून पुन्हा पुन्हा ताडून पाहिला.