लिफ्टच्या दारातली चिंधी

त्या सकाळी कारभारीण आणि मी लिफ्टच्या दारात बसून लुगडं फाडत होतो. तिचंच, हिरव्या काठाचं, विरलेलं. एक टोक तिच्या पायाच्या अंगठ्यात, दुसरं माझ्या हातात. नव्या कापडाचे दोरे सुटतात आणि दाराच्या खाचेत अडकतात. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं भुसा बरोबर उचलतं.

दिंद्रुडच्या बाजूची डाळमिल. तीन मजले. तुरीचा भुसा एवढा उडतो की भर दुपारी दिवे लावावे लागतात. लिफ्टच्या दाराची खाच रोज भरते. आधी ती कोरडी झाडायची, मग चिंधीनं पुसायची, मग तेलाचं नुसतं बोट फिरवायचं. तेल जादा झालं की भुसा चिकटतो, पेंड होते, दार अर्ध्यातच थांबतं. हे काम माझं. ती तिसऱ्या मजल्यावर डाळ निवडायला. चिंध्या तिच्या.

"आवं, काठ फाडू नका. गोधडीला लावीन."

"तुझ्या गोधडीला नुसते काठच. पांघरायचं काय?"

ती हसली. हसता हसता तिला खोकल्याची ढास लागली.

एवढंच. यानंतर आम्ही दोघांनी मिळून काही केलं नाही.

पोती आणि मालक लिफ्टनं जायचे, बाया जिन्यानं. मिल उभी राहिल्यापासून तसंच. त्या दिवशी तिला दम लई लागला होता. धाकले मालक लिफ्टमध्ये पोत्यांपाशी उभे होते. ती म्हणाली, "मालक, आजच्या दिवस आत येऊ का? छाती भरलीया."

मोबाईलवरची नजर न काढता ते म्हणाले, "मावशे, आज तुला घेतलं की उद्या समद्या येतील. जिना कावून बांधलाय मग?"

दार लागलं. अगदी गुळगुळीत लागलं. तेल मीच दिलेलं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती बसली ती उठलीच नाही. बायांनी हाका मारल्या तसा मी तेलाच्या हातानंच पळालो. माझ्या बोटांचे काळे डाग तिच्या पोलक्यावर उमटले. ते घेऊनच गेली. खाली आणायला मात्र लिफ्ट मिळाली. आता ती पोत्यांत जमा होती.

तेरावं झालं आणि कामावर गेलो. दार अडकत होतं. माझ्या मागं कुणीतरी खाचेत तेल ओतून ठेवलं होतं. चिंध्या संपलेल्या. मी फडकं मागितलं. वजनकाट्यावर हमाल होते, मुनीम होता. सगळ्यांच्या देखत धाकले मालक म्हणाले, "तुझ्या म्हातारीची लुगडी पडली असतील की घरी. आता कोण नेसणार हाय? उद्या घेऊन ये बे."

मुनीम हसला. हमाल खाली बघत राहिले.

मी घरी आलो. पत्र्याची पेटी उघडली. आत एकच धड लुगडं, जांभळं. नारायणगडाच्या जत्रेत घेतलेलं. ठेवणीतलं म्हणून ती कधी मिलवर नेसली नाही. नाकाला लावलं. त्यालाही तुरीच्या भुशाचा वास.

तेव्हा डोळे उघडले. इतकी वर्षं तिची लुगडी त्या दारात झिजली. तिचं कापड चाललं, ती चालली नाही. आणि आता तिच्या मागं राहिलेलंही त्यांना पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लुगडं मी पटक्यासारखं डोक्याला बांधलं. बायकोचं लुगडं डोक्यावर घेऊन गावातून चालत गेलो. लोक थांबून बघत होते. बघू दे. मिलवर गेल्यावर घरून आणलेलं माझं जुनं धोतर फाडलं, त्यानं खाच पुसली, तेलाचं बोट फिरवलं. दार उघडलं आणि पाय मध्ये घालून उभा राहिलो.

"बायांनो, आत चला."

कुणी हललं नाही. मग कारभारणीच्या शेजारी बसून डाळ निवडायची ती सखूबाई आत आली. एकटीच.

धाकले मालक आले. "ए म्हाताऱ्या, डोकं फिरलं का? पाय काढ."

"बाया जाणार असतील तर दार चालंल. न्हाईतर पोती तुमी जिन्यानं न्या."

"पाय काढ म्हणतो ना."

दार माझ्या पायावर येऊन आदळत होतं, परत उघडत होतं.

मी पाय काढला नाही.