शटरमामा

मामांना बोलल्याशिवाय खोकं खाली ठेवता येत नसे. एक हात खोक्याखाली, एक वर, पाठ वाकलेली आणि तोंड चालू. "सूनबाई आली का माहेराहून? नातू रांगतो का आता? आन् तो कोपऱ्यावरचा दवाखाना कशानं बंद झाला?" दुकानदार उत्तर देईपर्यंत खोकं तसंच अधांतरी राहायचं. आमचे हमाल म्हणायचे, मामांची गाडी डिझेलवर नाही, गप्पांवर चालते. मामा त्यावर सगळ्यात मोठ्याने हसायचे आणि हमालालाही त्याच्या गावाकडची खबर विचारायचे.

नाशिकबाहेर विल्होळीजवळच्या आमच्या डेपोतून आसपासच्या किराणा दुकानांना माल जातो. साबण, तेल, बिस्किटं, चहापत्ती, असंच सगळं. कोणाचा माल कुठल्या गाडीत भरायचा आणि ती गाडी वेळेवर पोचते की नाही हे बघायचं, हे माझं काम. मामा एका छोट्या ट्रकवर ड्रायव्हर होते. एक दिवस देवळाली कॅम्प आणि भगूर, दुसऱ्या दिवशी घोटी आणि इगतपुरी. मूळचे चांदवडकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती लेक सुरतेला दिलेली, आणि हे नाशिकमध्येच अंबडला एका खोलीत एकटे राहायचे. जगातल्या झाडून सगळ्या विषयांवर बोलणारा हा माणूस त्या खोलीबद्दल मात्र कधी बोलला नाही.

"येतो म्हटलं की आलो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते यायचे हे खरं, पण कधी येतील ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. ऐन दुपारी बाजारपेठेत गाडी लावायला जागा नसायची. दुकानात गिऱ्हाइकं असली की दुकानदार म्हणायचा, थांबा जरा. मग मोजणी, मग सही, आणि या सगळ्यावर मामांच्या गप्पा. इगतपुरीच्या शेवटच्या दुकानात माल पोचेपर्यंत दिवेलागण व्हायची. तिथल्या पावसात गाडी लांब उभी करून खोकी डोक्यावरून न्यायची म्हणजे साबणाचा फेस घरी जायच्या आधीच निघायचा. तक्रारीचे फोन मला यायचे आणि मी मामांवर तोंड सोडायचे. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "मॅडम, माणसाशी दोन शब्द बोलू नाय का?" दोन शब्द! मी कपाळावर हात मारून घ्यायचे.

मग एके दिवशी वरून निरोप आला. घोटी-इगतपुरीचा फेरा परवडत नाही, गाडी दुपारच्या आत मोकळी होत नसेल तर तिकडचा माल बंद करा. हिशेब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. मी मामांना सांगितलं तेव्हा ते माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. ती दुकानं लहान होती. माल बंद झाला असता तर दुकानदारांना नाशिकला येऊन स्वतः माल उचलावा लागला असता, आणि त्यातल्या निम्म्यांना ते झेपलं नसतं. मामांना त्यातलं प्रत्येक घर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले ते उपाय घेऊनच. "मॅडम, दुकान उघडायच्या आधीच माल आत ठेवला तर? दुकानाची किल्ली आपल्याकडं घ्यायची. गर्दी नाय, गिऱ्हाईक नाय. गाडी पार शटरला लावता येती, पावसाचा बी तरास नाय." मग जरा थांबून म्हणाले, "आन् मी बी गप राहीन. बोलायला कोण असणार हाय तिथं?" आणि स्वतःच हसले. मीही हसले. कल्पना इतकी चांगली होती की मी त्याच दिवशी ती वर पाठवली.

कंपनीने दुकानदारांना रीतसर विचारलं. एकानेही किल्ली दिली नाही. परक्याच्या हातात कोण आपलं दुकान देईल? मग मामा स्वतः सगळीकडे फिरून आले आणि परतले तेव्हा त्यांचा खिसा किल्ल्यांनी लोंबत होता. घोटीचे शेठ त्यांना म्हणाले होते, "कंपनीला नाही दिली मामा, तुम्हाला दिली." मामांनी प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाच्या चिंधीची गाठ मारली आणि तो जुडगा कंबरेला लावला. डेपोत त्यांचं नाव शटरमामा पडलं ते त्या दिवसापासून.

किती वेळ लागतो ते बघायला एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. कॅम्पात पोचलो तेव्हा उजाडलं नव्हतं. लांब कुठे तरी जवानांच्या धावण्याचा आवाज आणि शिट्टी, बाकी गल्ली झोपलेली. मामांच्या केबिनमध्ये तेलाची बाटली असे. शेजारच्यांची झोप मोडू नये म्हणून ते शटरच्या पट्ट्यांना तेल देत आणि शटर हळूहळू वर नेत. चपला बाहेर काढून आत गेले आणि त्या अंधाऱ्या, रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हणाले, "आलो हं." मला वाटलं, आत कोणी झोपलंय. मी विचारलं तेव्हा ओशाळून म्हणाले, "कोणी नाय हो. सवय लागली." प्रत्येक दुकानात ते तसंच म्हणाले. माल लावून बाहेर पडताना "येतो" म्हणत आणि मग शटर खाली घेत.

योजना कमालीची यशस्वी झाली. गाडी सकाळीच डेपोत परत येऊ लागली, दुपारी दुसऱ्याच ड्रायव्हरच्या हाती आणखी एक फेरा मारू लागली. माल भिजणं थांबलं, माझे तक्रारींचे फोन थांबले, घोटी-इगतपुरी वाचली. पुढे आमच्या इतर गाड्यांनीही हीच पद्धत उचलली आणि आजही ती तशीच चालू आहे. सहीच्या जागी मोबाइलवर फोटो आला. माल लावला की त्याचा फोटो काढायचा, तो मला दिसतो आणि दुकानदाराला आपोआप निरोप जातो की माल पोचला. मामांच्या फोटोत कोपऱ्याला हमखास त्यांचा अंगठा यायचा. मी पुष्कळदा शिकवलं, पण अंगठा काही हटला नाही, आणि नंतर मीच सांगायचं सोडून दिलं.

माणसं भेटेनाशी झाली तेव्हा मामा दुकानं वाचायला लागले. गल्ल्याशेजारी खेळणं पडलेलं दिसलं की नात सुटीला आली आहे, औषधाची पट्टी दिसली की शेठचा गुडघा पुन्हा धरला आहे. येऊन मला सांगायचे, जणू आत्ता भेटूनच आलेत. एकदा मात्र घोटीहून आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. शेठच्या दुकानात देवाच्या तसबिरीशेजारी त्यांच्या वडिलांचा फोटो लागला होता. "हार पार सुकलेला व्हता, मॅडम. म्हातारा कधी गेला, मला पत्ता नाय. मी त्याच्या फोटोखाली खोकी लावीत व्हतो."

सुटीच्या दिवशी एसटी धरून ते शेठला भेटायला घोटीला गेले. शेठ नेमके नाशिकला आले होते. दुकानात नवा माणूस बसला होता, त्याने विचारलं, "बोला बाबा, काय देऊ?" दर दिवसाआड त्या दुकानात शिरणाऱ्या माणसाला तो ओळखत नव्हता, आणि ओळखणार तरी कसा? मामा गोंधळले आणि एक साबण घेऊन परत आले. "मीच उतरवलेला साबण मीच विकत आणला की हो," हे त्यांनी डेपोभर सांगितलं आणि सगळ्यांना हसवलं. मला हसू आलं नाही. मला फार वाईट वाटलं.

हळूहळू मामांचं बोलणं आटलं. फेरा करून आले की माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसत. माझा फोन चालू असे, पण आजूबाजूला कोणी तरी बोलतंय एवढं त्यांना पुरत असावं. एकदा घसा खाकरून म्हणाले, "आवाज बसल्यावानी वाटतो. सकाळधरनं बोललोच नाय ना." मी म्हटलं, "मामा, आठवड्यातून एकदा पहिल्यासारखे दुपारी जात जा. मी बघते वरचं." त्यांनी मान हलवली. "मग टाइम चुकंल. बाजार उघडायच्या आधी माल, असा शब्द दिलाय मी त्यांना." ज्यांच्यासाठी दिला तीच माणसं त्या शब्दापायी त्यांना भेटत नव्हती, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

त्यांच्याच आग्रहावरून आम्ही त्यांच्या हाताखाली दुसरा एक ड्रायव्हर तयार केला. "मी पडलो आजारी, तर दुकानांनी काय करायचं?" म्हणायचे. त्याला त्यांनी कुठलं शटर कुठे अडकतं, कुठल्या दुकानात तेल वर ठेवायचं नाही, सगळं शिकवलं. मग एका रविवारी मामा आपल्या खोलीत झोपेतच गेले. घरमालकाने मला फोन केला. लेक सुरतेहून आली, संध्याकाळी सगळं उरकलं, आणि सोमवारी गाडी नेहमीच्या वेळेला निघाली, किल्ल्यांचा जुडगा नव्या ड्रायव्हरच्या कंबरेला. माल वेळेवर पोचला. फोटो आले. त्यांत अंगठा नव्हता.

मला वाटत होतं, फोन येईल. कोणी तरी विचारेल, मामा दिसत नाहीत का, बरं नाही का त्यांना? पण दिसत तर ते आधीही नव्हते. खोकी तशीच रचलेली, तेल त्याच जागी, शटर नीट लावलेलं. मामांनी सगळं इतकं चोख बसवलं होतं की त्यांचं नसणं कोणाच्या लक्षात यायला कुठे फटच राहिली नव्हती. दिवस झाले, तेरावा झाला, तरी एका दुकानातून फोन आला नाही. तेव्हा नव्या ड्रायव्हरला बरोबर घेऊन मी स्वतःच निघाले, भर दुपारी, दुकानं उघडी असताना.

घोटीचे शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "काय सांगता? अहो, आज सकाळीच तर माल लावून गेले ते!" मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मागे वळून रचलेल्या खोक्यांकडे पाहिलं आणि मग गल्ल्यावरचा हात काढून घेतला. कॅम्पातही असंच झालं होतं, भगूरलाही. प्रत्येकाने आधी मला वेड्यात काढलं आणि मग खोक्यांकडे पाहिलं.

इगतपुरीचं शेवटचं दुकान एक वहिनी चालवतात. नवरा रेल्वेत, कायम ड्यूटीवर. मी सांगितलं तेव्हा त्या तागडीत डाळ टाकत होत्या. त्यांचा हात थांबला. "नाही हो," त्या म्हणाल्या, "मी त्यांच्यासाठी थर्मासमध्ये चहा ठेवते ना. किल्ली दिली तेव्हापासून ठेवते. इथं गारठा किती असतो. आजही ठेवला होता. संपला होता की तो. धुऊन पालथा घातला होता नेहमीसारखा."

मी थक्क झाले. दुकानातल्या औषधाच्या पट्टीचीसुद्धा बातमी देणाऱ्या मामांनी हा चहा मला कधीच सांगितला नव्हता.

नवा ड्रायव्हर दारातच उभा होता. खाली बघत म्हणाला, "वहिनी, मीच पीत व्हतो. मामांनी सांगून ठेवलं व्हतं. मी नसलो तरी त्यो चहा तसा सोडायचा नाय. भरलेला थर्मास बघून बाईला वाटंल, आज कोणी आलंच नाय."

वहिनींनी डाळ परत पोत्यात ओतली. पदराने हात पुसले, मग उगाचच तागडी पुसली.

"तो बिनसाखरेचा असतो," त्या म्हणाल्या. "मामांना साखर चालत नव्हती. तुम्हाला चालते का?"

"चालती."

"मग परवापासून घालते," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. बाहेर एक गिऱ्हाईक येऊन खोळंबलं होतं. त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, आणि आम्हीही हाक मारली नाही.