गुरगुरणारी जीप घेऊन नेरुळहून घाटापार

द्रुतगती मार्ग नव्हता तेव्हाचा, नव्वदच्या दशकातला हा प्रवास. तुम्ही आज जुन्या रस्त्याने खोपोलीवरून घाट चढणार असाल, तर हौसेने चढा. आम्हाला दुसरा रस्ताच नव्हता.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. साताऱ्याजवळच्या गावी माझ्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं. गाडी ह्यांचीच, जुनी जीप, तुर्भ्याच्या बाजारातून भाजी पोचवायची. मला चालवायला ह्यांनीच शिकवलं, सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या बाजारात.

जीप मागून गुरगुरत होती. धाकट्या दिरांनी, विलासभाऊजींनी, निरोप धाडला होता. "वहिनी, गाडी कशीबशी गावापर्यंत आणा. गिऱ्हाईक बघून ठेवलंय. घाट चढली नाही तर तिथेच भंगारात द्या." मला ती विकायची नव्हती. ह्यांची भाजीची फेरी मला स्वतः चालवायची होती. मी उलट निरोप दिला, घाट चढली तर ठेवणार.

श्राद्धाच्या तीन दिवस आधी पहाटे नेरुळ सोडलं. बेलापूर मागे पडलं तशी गुरगुर वाढली. आत्याबाई म्हणाल्या, "सुमन, मागं कोण दळतंय गं?" कळंबोलीला ट्रकच्या गॅरेजांची रांग आहे, तिथे थांबले. काशिनाथ मेस्त्री जवळच्याच गावचे. त्यांनी चाकं हलवून पाहिली आणि म्हणाले, "ताय, चाकाचा बेरिंग गेला हाय. बदलू."

मला ते पटेना. चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं वाचन ह्यांनी आणलेल्या रद्दीतलं. पण रोज कानावर पडणारा आवाज ओळखायला पुस्तक लागत नाही. म्हटलं, "मेस्त्री, पाय दाबला की ओरडते आणि पाय काढला की गप्प होते. चाक असं करेल का?"

"चला, तुमीच दाखवा."

गाडी मागे खारघरला नेली. तेव्हा तिथे नुसते रस्ते आखलेले होते. रुंद, सरळ, दिवे लागलेले, आणि इमारत एकही नाही. कडेला माळ, पलीकडे डोंगर. मी गाडी चालवली, मेस्त्री मागे पालथे पडून तळाला कान लावून राहिले. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आवाज तोच. चाकाचा असता तर वळणावर बदलला असता. पाय उचलला, गप्प. मेस्त्री उठून बसले. "ताय, तुमचा बरोबर हाय. डिफरन्शियल. खोलायला लागल."

मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा दिसतो, तो हा. खालचा बोल्ट काढला तर तेल आलं ते काळ्या पिठल्यासारखं. मेस्त्रींनी बोटांत चोळून वास घेतला. "ह्या भुसा कोनी घातला? लाकराचा हाय."

मी बघतच राहिले. फळबाजारात आंब्याच्या पेट्या ठोकतात, तिथला भुसा. आवाज दाबायला बाजारातले ड्रायव्हर तेलात मूठभर टाकतात, हे मेस्त्रींनी सांगितलं. ह्यांच्या आजारपणात जीप अचानक शांत झाली होती, पुढे भुसा विरला तशी पुन्हा गुरगुरू लागली. "नीट करून घेतली," असं ह्यांनी मला तेव्हा सांगितलं होतं. गॅरेजला द्यायची तर गाडी थांबली असती, आणि पैसे कुठून आणणार, असं मी विचारत बसले असते.

आत्याबाईंनी भुसा पाहिला. "माझंच पोरगं. लहानपणी माठाला चीर पाडली तर बाहेरून चिखल लावून ठेवायचा. पाणी प्यायला गेलं की कळायचं." मेस्त्री हसले, मग मला हसू आलं, आणि मग रडूही.

गोळ्यातलं दातेरी चाक काढून पुसलं तेव्हा मात्र मी रडायचं विसरले. तिरक्या दातांचं, ताटाएवढं, आरशासारखं चकाकणारं. त्याच्या पोटात छोटी चाकं, एकमेकांत अडकलेली. मेस्त्रींनी ती हाताने फिरवून दाखवली. वळणावर गाडीचं आतल्या बाजूचं चाक हळू जातं, बाहेरच्या बाजूचं जोरात, आणि दोघांना ताकद एकाच दांड्याची. एक बाजू धरून ठेवली तर दुसरी दुप्पट फिरायला लागली. मी ते पुन्हा पुन्हा करायला लावलं. मेस्त्रींच्या चहावर साय आली.

पिनियनचा, म्हणजे त्या मोठ्या चाकाला फिरवणाऱ्या लहान दातेरी चाकाचा, बेरिंग झिजला होता, त्यामुळे दात नको तिथे घासत होते. बेरिंग पनवेलहून आणवला. मग मेस्त्रींनी वाटीत शेंदूर घेतला, तेलात कालवला आणि ब्रशने दातांना फासला. चाक फिरवलं की दात कुठे टेकतो तिथला शेंदूर पुसला जातो. तो ठसा दाताच्या मधोमध हवा, तोवर पातळ चकत्या घालायच्या, काढायच्या.

आत्याबाईंनी हात जोडले.

"आजी, देव न्हाय तो."

"असू दे. शेंदूर हाय, आन् आडल्याचं काम करतोय."

काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. रात्री मेस्त्रींच्या घरी मुक्काम. त्यांच्या बायकोने सुकटीचं कालवण मांडलं. आत्याबाई श्राद्धापर्यंत मासळी खाणार नव्हत्या, तर तिने लगेच वालाचं बिरडं केलं. तांदळाची भाकरी आत्याबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. "मऊ हाय, पण पोट भरल्याचं कळत नाही," म्हणत तीन संपवल्या.

खोपोलीला वडापाव खाऊन घाटाला लागलो. तुम्ही जाल तेव्हा इंजिनला इथे थोडी विश्रांती द्या. मी दिली नाही, थांबायची भीती वाटत होती. पहिला चढ, पाय दाबला, आणि मागून काहीच नाही. वळणामागून वळण. खाली दरीत धुकं, वर कडे, आणि आमच्या खाली ती चाकं, एक हळू, एक जोरात, न भांडता. खंडाळ्याला पोचले तेव्हा सांगायला शेजारी वळले. आत्याबाई झोपल्या होत्या.

श्राद्ध झालं. गिऱ्हाईक आलं, गाडी फिरवून पाहिली, किंमत वाढवायला तयार झालं. भाऊजी माझ्याकडे बघू लागले. "घाट चढली, भाऊजी," मी म्हटलं. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

नेरुळला परतलो. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. "अगंबाई, कधी आलात? गाडीचा आवाजच नाही आला."

ती गुरगुर कोपऱ्यावर ऐकू आली की मी तवा ठेवायचे. हे वर येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. दुरुस्तीबरोबर ती खूणही जाणार, एवढं मला गॅरेजमध्ये सुचलं नव्हतं, घाटातही नाही. कठडा धरून जिन्यातच थांबले. आत्याबाई मागून म्हणाल्या, "चल पोरी, भूक लागलीय."

वर गेले आणि तवा ठेवला.