कौलाची कबुली

ती घटना मी विसरलो नाही, आणि पुढे ज्यांना शिकवलं त्यांनाही विसरू दिली नाही.

सन तीसच्या आधीची गोष्ट. मी दापोलीला नवा फौजदार. केळशीकडच्या एका गावात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी जळाली. पोलीस पाटलाची वर्दी आली आणि तिच्या मागोमाग होडीवाल्याचा मेहुणा स्वतःच ठाण्यात हजर झाला. म्हणाला, होडी मीच जाळली. दोघांचं भांडण गावभर माहीत होतं. मी खूश! पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून त्याला दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं ठरवलं. पंचनाम्याचा पत्ता नाही आणि मी कागद तयार करायला बसलो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

आमचे म्हातारे हवालदार हळूच म्हणाले, "सायब, कुठनं पेटवलान, ते तरी इचारा."

मी विचारलं. मेहुणा गोंधळला. "त्या सांजंला मी माडी प्यायलेला. कायच आठवत न्हाय. पन गावानं देवीला कौल लावलान. माज्या नावानं उजवी पाकळी पडली. देवी खोटं बोलंल काय? म्हंजे मीच जाळली आसणार."

मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली की होकार, एवढाच काय तो पुरावा.

तडक किनारा गाठला. होडी एकाच बाजूने, खालून जळाली होती. तिथेच तीन दगडांची चूल आणि होडीच्या फटी बुजवायच्या राळेचं मडकं. होडीवाल्याला बाजूला घेतलं, तर तो रडू लागला. "राळ तापवून जेवायला गेलो. चूल इझवायची ऱ्हायली. सांगणारच होतो, पन कौल त्याच्यावर लागला. देवीम्होरं मी काय बोलू?"

मेहुण्याला खरं काय ते सांगून सोडलं. हसेल असं वाटलं होतं, पण त्याने विचारलं, "सायब, मग देवी तसं का म्हनाली?"

पुढे माझी नेमणूक पोलीस शाळेत शिकवायला झाली. कबुली बाद ठरवणाऱ्या कारणांत कायद्यात धाक आहे, आमिष आहे. कौल नाही. तो मी माझ्या पदरचा घालत असे. एकदा एक उमेदवार म्हणाला, "साहेब, त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं. मग एवढं काय बिघडलं असतं?"

मी म्हटलं, "मार खाऊन कबूल झालेला माणूस कोर्टात निदान नाकारतो तरी. हा तुरुंगात खडी फोडत बसला असता, आणि रोज देवीची माफी मागत राहिला असता."