कटिंगच्या टेबलाची गिटार : मुखेड, उदगीर, लातूर

निघताना मी तीन वेळा घरात परत आलो. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा बीपीची गोळी घ्यायला आणि एकदा कशाला ते आठवलंच नाही. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, "जाता का आता, का एसटीच दारात बोलवू?" बगलेत सागवानाची जाड फळी असल्यामुळे मला दारातून प्रत्येक वेळी आडवं व्हावं लागत होतं.

मी मुखेडला टेलर. शाळा सातवीपर्यंत, तीही अर्धी. नात पल्लवी लातूरला शिकते आणि तिथल्या एका ऑर्केस्ट्रात भीमगीतांना इलेक्ट्रिक गिटार वाजवते. गिटार मैत्रिणीची होती. मैत्रीण पुण्याला गेली, गिटारही गेली. ऑर्केस्ट्रावाल्यांनी सांगून टाकलं की जयंतीच्या कार्यक्रमाला स्वतःची गिटार आण, नाहीतर तुझी जागा कीबोर्डवाल्या पोराला. पोरीने गिटारीची मान, तारा आणि विजेचं सामान एकेक करून जमवलं होतं. राहिली होती बॉडी. ती हाताने बनवायची आणि लाकूड माझ्या कटिंगच्या टेबलाचं घ्यायचं, असं तिने ठरवलं. जुनं सागवान आता आकसत नाही की वाकत नाही, असं तिचं म्हणणं. मी टेबलाचं एक टोक कापून दिलं. नंतर दोन दिवस जेवण गेलं नाही.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. मुखेडहून जळकोटमार्गे उदगीरला सकाळची गाडी धरावी आणि उजवीकडे बसावं, ऊन डावीकडून येतं. पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर तिकीट लागत नाही, आधार कार्ड मात्र वरच्या खिशात ठेवावं. मी ते पिशवीत तळाशी ठेवलं होतं आणि वर भाकरी होत्या. कंडक्टरबाईंनी कार्ड बघितलं, मग फळीकडे बघितलं आणि फळीचं लगेज काढलं. मी म्हणालो, ही माझ्याहून जुनी आहे.

"तिचं आधार दाखवा," बाई म्हणाल्या.

जळकोटला एक पागोटेवाले बाबा शेजारी बसले. फळीची गिटार होणार हे ऐकून त्यांनी फळीवर टकटक करून बघितलं आणि विचारलं, "ह्याला पोटच न्हाई. आवाज कुठून काढनार?" इलेक्ट्रिक गिटारीला पोट लागत नाही, तारेखालचे चुंबक आवाज पकडतात, हे पल्लवीने मला चार वेळा समजावलं होतं. त्या क्षणी एकही वेळ आठवली नाही. उदगीरपर्यंत मी फळीला कान लावून बसलो.

उदगीरला चाँदभाईचं फर्निचरचं दुकान स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. गल्लीच्या तोंडाशी चहा चांगला मिळतो, भजी सकाळचीच खावीत. चाँदभाईने आयुष्यात एकही गिटार केली नव्हती आणि त्याचा त्याच्यावर काहीही परिणाम झालेला नव्हता. "दिवान केले, शोकेस केले, नवरदेवाची शिंहाची खुर्ची केली," तो म्हणाला. "गिटार काय चीज हाय."

पल्लवी लातूरहून आली. तिने कागदावर बॉडीचा नकाशा आधीच पाठवला होता. कागद फाटतो म्हणून चाँदभाईने पुठ्ठ्याचा फर्मा मागितला, आणि तो मी घरी कापला होता. कापणं हे माझंच काम. चाँदभाईने फर्मा फळीवर ठेवून पेन्सिल फिरवली, करवतीने आकार काढला, कानशीने कडा गोल केल्या. मग राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं मशीन, लावून विजेच्या सामानाचे खळगे आणि मान बसायची खाच कोरली. पल्लवीने सांगितलं की ही खाच घट्ट पाहिजे. स्क्रू न लावता नुसती मान धरून गिटार उचलली तरी बॉडी सुटता कामा नये.

चाँदभाईने मान खाचेत बसवली आणि उचलली. बॉडी माझ्या पायावर पडली.

पुन्हा बसवली, तर मान हलत्या दातासारखी डुलत होती. चाँदभाई म्हणाला, मी रेघेवरच कापलं. पल्लवी म्हणाली, माझा कागद बरोबर आहे. दोघांनी कागद पुठ्ठ्यावर ठेवला. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"आबा, खाच मोठी केली तुम्ही?"

मी खरं ते सांगितलं. आयुष्यभर बाही बसवायची म्हणजे मुंढ्यात थोडं सैल सोडायचं, नाहीतर माणसाचा हात वर होत नाही. मान बसवायची म्हटल्यावर हाताने आपोआप सैल सोडलं. आणि बाहेरून चहूबाजूंनी अर्धं बोट मार्जिनही ठेवलं होतं.

"मास्तर," चाँदभाई म्हणाला, "गिटार काय पुढच्या वर्षी वाढनार हाय का? उसवून मोठी करायचीय का?"

पल्लवी हसली नाही. कार्यक्रम परवावर आला होता आणि माझ्या टेबलाला आता दुसरं टोक कापण्याइतकी जागा नव्हती. मला घाम फुटला, गोळी घेतली, ती सकाळचीच पुन्हा घेतली का म्हणून आणखी घाम फुटला.

शेवटी चाँदभाईनेच मार्ग काढला. काळ्या शिसमाच्या दोन पातळ पट्ट्या रंध्याने घासून खाचेच्या दोन्ही बाजूंना बसवायच्या. सागवान तेलकट असतं, म्हणून आधी खाच स्पिरिटने पुसली, मग गम लावून शिकंजे आवळले आणि सगळं दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवलं. तुम्ही हे करणार असाल तर मधे उघडून बघू नका. मला दोघांनी शपथ घातली होती. लॉजवर मी पंखा पडेल का याची काळजी करत पडलो, तेवढाच बदल.

सकाळी शिकंजे काढले. चाँदभाईने मान ठोकून बसवली आणि पल्लवीने गिटार उचलली. मी खाली दोन्ही हात धरून बसलो होतो, पाय लांब ठेवून. बॉडी सुटली नाही. पल्लवीने ती हलवली, तरी नाही. "आबा, हात काढा आता," ती म्हणाली. मी थोड्या वेळाने काढले.

मग घासणं. पॉलिश पेपर लाकडाच्या रेघेनेच चालवायचा, आडवा चालवला की ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. हे मला लगेच कळलं, कापडालाही उभा धागा असतोच. एकदा ओल्या फडक्याने पुसून वाळवायचं, म्हणजे उरलेले तंतू उभे राहतात, मग शेवटचा हात. फळीवर माझ्या इस्त्रीचा जुना डाग होता. चाँदभाई तो काढायला निघाला, पल्लवीने काढू दिला नाही.

लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने पॉलिश चढवलं. बोळ्यावर मलमल माझी, वर तेलाचा एक थेंब. बोळा फिरता ठेवायचा, थांबला की चिकटतो. मी नीट होतंय का बघायला थांबलो. चिकटला. चाँदभाईने तेवढी जागा पुन्हा घासली आणि मला चहा आणायला पाठवलं. तीन वेळा पाठवलं.

रात्री पल्लवीने मान स्क्रूने आवळली, विजेचं सामान बसवलं आणि तारा चढवल्या. दुसऱ्या दिवशी लातूर. गाडीत गिटार मांडीवर, धोतरात गुंडाळलेली. कार्यक्रमात मी पहिल्या रांगेत बसलो, म्हणजे मान निसटली तर झेलता येईल. पल्लवीने पहिला फटका मारला आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाणं अर्धं झालं होतं, लोक नाचत होते आणि मान जागेवर होती. पोट नसलेल्या फळीचा आवाज माझ्या छातीत वाजत होता. नंतर कीबोर्डवाल्या पोराने सागवानातल्या त्या दोन काळ्या पट्ट्यांवर बोट ठेवून विचारलं, ही डिझाइन कुठून घेतली? पल्लवी म्हणाली, "आमचे आबा डिझायनर आहेत."

आता घरी आहे. टेबल आखूड झालंय, साडी पसरली की टोक जमिनीवर लोळतं. तिथं कापलेल्या कडेवरून हात फिरवतो तेव्हा बायको विचारते, काय शोधताय. काही नाही म्हणतो. गिटार पल्लवीकडे आहे, जागाही तिच्याकडेच आहे, आणि चाँदभाईचं "पुढच्या वर्षी वाढनार हाय का" माझ्या कानात.

परतल्यावर पहिलं काम शेजारच्या यमुनाबाईंच्या ब्लाउजचं होतं. यावेळी मी शहाण्यासारखं कापलं. बरोबर रेघेवर, मार्जिन नाही, मुंढ्यात सैल नाही. यमुनाबाईंचा एक हात कसाबसा गेला, दुसरा गेलाच नाही. पुन्हा कापायला कापड नव्हतं. शेवटी दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या जोडून दिल्या.

त्यांनी विचारलं, हे काय केलंत?

मी म्हणालो, सध्या लातूरला हेच चालतंय.