हालीचे सात, कलदार सहा

आमच्या लहानपणी रुपया दोन जातींचा होता. आता नातवंडांना हे सांगितलं की ती म्हणतात, आज्जी, रुपया तो रुपया. तसं नव्हतं, बाळांनो. पाटोद्याच्या आसपासची आमची गावं निजामाच्या राज्यातली, आणि आमच्याकडे चालायचा तो हाली रुपया. त्याच्या एका अंगाला चारमिनार. तिथून मावळतीकडे दिवसभर गाडी हाकली की नगर जिल्हा लागायचा, तिकडे कलदार. कलदारावर राजाचं डोकं असायचं, पुढे पुढे सिंह आले. निजाम गेला, झेंडा बदलला, तरी हाली काही वर्षं चालूच राहिला. देश एक झाला होता म्हणे. पण नगरकडच्या बाजारात आमचा रुपया टाकला की दुकानदार तो एका बोटाने परत आमच्याकडेच सरकवायचा.

म्हणून तिकडे जायचं म्हटलं की भाकरी बांधायच्या आधी पैसे बदलायचे. हालीचे सात दिले की कलदार सहा, हा सरळ भाव. पण सराफाकडे गेलं की तो वर बट्टा कापायचा, म्हणजे बदलून देण्याची आपली मजुरी. अडलेलं गिऱ्हाईक दिसलं की बट्टा वाढायचा. हे सगळं मला कळलं ते एका लग्नाच्या पायी.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. जन्माची तारीख कुणी लिहून ठेवली नाही, म्हणून असेन म्हणते. त्या साली हस्ताचा पाऊससुद्धा गेला होता. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. पौषात कडबा संपला, मग अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, छपरावरचं पाचट ओढून बैलांपुढे टाकलं. आमचे दोन बैल. एक म्हातारा, सगळं समजणारा. दुसरा नुकताच जुवाला लावलेला. सकाळी दोघांनाही शेपटीला धरून उठवावं लागायचं. बाजारात न्यावं तर दोरीच्या किमतीला मागत. आणि बैल गेले तर पुढच्या मृगाला पेरायचं कशाने, हा प्रश्न. घरात दुसरं बोलणंच नव्हतं.

माझी थोरली मावशी नगरकडे दिलेली. तिच्या घरी पाटाचं पाणी, त्याच्यावर ऊस. तिकडे शेतकऱ्यांनी आपापले शेर, म्हणजे पैशाचे भाग, घालून साखर कारखाना उभा केला होता, आणि मावशीच्या यजमानांनीही त्यात शेर घेतला होता. हे ऐकून अण्णा म्हणायचे, "शेतकरी मालक झाले म्हंतेत. आन् मजूर कोन? आपन." बोलून-चालून साडू. साडूचं बरं झालेलं माणसाला बघवतं, पण सांगवत नाही.

आईच्या मनात एकच होतं. ऊस तोडला की वरचं हिरवं वाढं उरतं, ते जनावर आवडीने खातं. मावशीकडे वाढ्याचे ढीग. आपले बैल पावसाळ्यापर्यंत तिकडे ठेवले तर जगतील. अण्णांना ती हे बोलली. ते म्हणाले, "साडूच्या दारात माझे बैल बांधू? मी न्हाई मागायचो."

"तुमी नका मागू," आई म्हणाली. "आक्काच्या पोरीचं लगीन हाय. मी चाललेच."

आता असं बघा, मागायला जायचं आणि हात रिकामे, हे आमच्यात बसत नाही. लग्नात आहेर मांडवात उभं राहून पुकारतात. कुणी काय दिलं ते सगळ्या गावाला ऐकू जातं. आहेर हलका झाला तर वर बैलांचं कुठल्या तोंडाने काढायचं? आईने दोन करडं विकली आणि हालीचे सात रुपये जमवले. त्या सातांवर आठ दिवस आमच्या घरात बोलणं झालं. सात पुरतील का, वर पेटीतला खण द्यायचा का, सात कुठे बांधायचे. माझ्या कानात सात असा बसला की झोपेतही मी सात म्हणाले असते.

आमच्या भागातली पुष्कळ माणसं त्या साली तिकडे ऊस तोडायला चालली होती. त्यांच्यापैकी एका गाडीत आम्हा मायलेकींना जागा मिळाली. पाटोद्याला गाडी थांबली तशी आई सराफाच्या पेढीवर गेली. सराफ म्हणाला, "आठाला सहा." सगळा मुलूख कलदार मागायला आलेला, तो कशाला कमी करतो. आई पायरी उतरली. सातच होते, आठ कुठून आणणार.

बाजाराच्या तोंडाला आमचा बागवान चाचा बसायचा. नगरकडून केळी आणायचा, आमच्याकडून सीताफळं तिकडे न्यायचा. त्यामुळे त्याच्या एका खिशात हाली आणि एका खिशात कलदार. त्या साली सीताफळ नव्हतंच, चार केळीच्या फण्या पुढे मांडून तो बसला होता. आईचं तोंड बघूनच त्याने विचारलं, "किती मागायलाय सराफ?"

"आठ."

"आन् तुमच्याकडं?"

"सात हायत चाचा."

त्याने कमरेची पिशवी सोडली, सहा कलदार काढले, एकेक दगडावर वाजवून आईच्या हातात दिले. आई म्हणाली, "तुमचं नुसकान कावून करता?" तर म्हणाला, "भैन, पंधरा साल माझं तट्टू तुमच्या हिरीवर फुकट पानी पिलं. आता हीर आटली. पानी संपलं म्हनून मी बी बदलू का?" मग मला एक केळं दिलं आणि आईला म्हणाला, "गावात सांगू नका बरं. सगळेच आले तर मी सराफ व्हऊन बसंन."

आईने ते सहा रुपये चिंधीत बांधून पोलक्याच्या आत ठेवले. वाटभर ती मधून मधून तिथे हात लावून बघत होती.

मावशीच्या गावात पोचलो तर मला डोळ्यांना काही वेगळंच वाटलं. हिरवं होतं. दूर कारखान्याचं धुराडं दिसत होतं आणि हवेत मळीचा वास. मला तो वास गोड लागला, आईने नाकाला पदर लावला. मावशीने आईला चुलीपाशी ओढून आधी सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आत्ताच बैलाचं काढू नको. लई नातेवाईक ह्यांच्यापुढं हात पसरायलेत. आहेर व्हऊ दे. मग ह्यांचा चेहरा बघून बोल."

आहेर पुकारायला त्यांच्या गावचा गुरव उभा होता. आवाज असा की शिवारातली पाखरं उठावीत. बायकांनी मांडवाच्या मधोमध जायची रीत नव्हती, म्हणून आईने खण आणि चिंधी माझ्या हातात दिली. मी गर्दीतून गेले. गुरवाने वाकून विचारलं, "कुनाकडची गं तू? किती हायत?"

मी म्हटलं, "सात."

झालं. त्याने मान वर करून हाळी दिली, "नवरीची मावशी, मोगलाईतली, हिच्याकडून खण आन् रुपये सात." आमच्या भागाला तिकडे अजून मोगलाईच म्हणत. मग त्याने चिंधी सोडून रुपये ताटात टाकले. एक, दोन करत सहावर थांबला. परत मोजले. "पोरी, हे सहाच हायत की."

मांडवातून एकजण म्हणाला, "एक वाटंत गळाला आसंल." दुसरा म्हणाला, "न्हाई रं, मोगलाईत सहालाच सात म्हन्तेत." सगळे हसले. मी बायकांकडे बघितलं. आईने पदर पुढे ओढला होता, आणि मावशी जमिनीकडे बघत होती. बैल हातचे गेले, एवढं त्या वयातही मला समजलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून जे खरं होतं ते बोलले: "घरनं निघताना सातच व्हते. वाटंत सहा झाले."

आता तर मांडव हसून लोळायचा बाकी राहिला. एक म्हातारा डोळे पुसत होता. पण मावशीचे यजमान, माझे काका, पंगतीच्या गडबडीत होते ते थबकले. जवळ येऊन म्हणाले, "वाटंत कुठं गं?"

"पाटोद्याला. बागवान चाचाकडं बदलले."

त्यांनी ताटातला एक रुपया उचलून उलटा-सुलटा केला. "साताचे सहा? ह्या साली?"

मी मान हलवली. काका गुरवाला म्हणाले, "कलदार हायत. नीट पुकार. सहा म्हन, आन् कलदार म्हन." गुरवाने नीट पुकारलं. पण आता आहेराकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळा मांडव भावावर बसला होता. एक म्हणतो, माझ्याकडनं साडेआठ घेतले. दुसरा म्हणतो, हाली आता बंदच व्हनार, कुनी घेऊ नका. तिसरा म्हणतो, तू गेल्या सालीबी असंच म्हन्लातास आन् स्वता घेऊन ठिवले. नवरदेव बाशिंग सावरत ऐकत होता. अर्धी घटका तरी लग्न तिथेच अडकून पडलं असेल.

पंगती उठल्यावर काका मागच्या दारी आले. आई आणि मावशी तिथे भांडी विसळत होत्या, मी पाणी ओतत होते. काका आईला म्हणाले, "मेव्हणीबाई, त्या बागवानाची आन् माझी गाठ घालून देशील का? तुमच्याकडची तोडीला आलेली मानसं माझ्या घरनं ज्वारी नेतेत आन् हालीच देतेत. गाडगंभर साठलेत. सराफाला द्यायचं म्हंजे गाडग्याचं तळच जायाचं."

चाचाने भाव कशापायी दिला होता ते आईला ठाऊक होतं, आणि काकांचं तट्टू काही आमच्या विहिरीवर पाणी प्यालेलं नव्हतं. ती तसं बोलली नाही. खोटंही बोलली नाही. म्हणाली, "गाठ घालते. भाव तुमचा तुमी करा." भांडं पालथं घातलं आणि त्याच दमात पुढे म्हणाली, "दाजी, आमचे दोन बैल हायत. मिरगापत्तुर तुमच्या वाढ्यावर राहू द्या."

काकांनी आधी गोठ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "वाढं हाय. पर फुकट उभे न्हाई करायचो. कारखान्याला ऊस वहायचाय, जुवाला लावीन."

आईने हात पुसले. "म्हाताऱ्याला लावा. धाकटा कवळा हाय, त्याला नका लावू."

"खायला दोन आन् कामाला एक व्हय?"

"आमच्याकडं सहालाच सात म्हन्तेत दाजी. मगाशी मांडवात ऐकलं न्हाई का?"

आधी मावशी हसली. ती हसली म्हणून काकाही हसले. "आन बैल," म्हणाले, "आन् त्या बागवानाला बी आन."

घरी आल्यावर आईने अण्णांना सगळं सांगितलं. ते रात्री दोनदा उठून गोठ्यात जाऊन आले. सकाळी बैलांना उठवलं, पाणी दाखवलं आणि दोर हातात घेतला. म्हणाले, "साडूकडं ठिवले म्हनून गावात सांगायचं न्हाई. कारखान्याला लावलेत म्हनायचं." आम्ही तसंच सांगितलं. कारखान्याचं नाव घेतलं की कुणी पुढे विचारत नसे. तीन दिवस हळूहळू चालवत त्यांनी बैल पोचवले. चाचाही एकदा जाऊन काकांना भेटून आला. काय भाव ठरला ते त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आईनेही विचारलं नाही.

मृगाच्या आधी अण्णा बैल घेऊन आले. धाकटा असा भरला होता की मी ओळखला नाही. म्हातारा जगला होता, पण त्याच्या खांद्याला मोठं आवाळू, म्हणजे जू घासून गाठ, आलं होतं आणि कातडं गेलं होतं. उसाच्या गाड्या जड, रस्ता दगडाचा. आई हळद आणि करंजीचं तेल घेऊन गोठ्यात गेली. खांद्याला हात लावला की तो मान काढून घ्यायचा. ती म्हणाली, "मी दाजीला म्हनले व्हते, एकालाच लावा."

अण्णा वैरण टाकत होते. म्हणाले, "त्यानं एकालाच लावलं की."

आई तशीच तेल लावत बसली.

पेरणीपर्यंत तो खांदा भरला नाही. शेजारच्या घरी दोनातला एकच बैल दुष्काळातून उरला होता. तो आणि आमचा धाकटा अशी जोडी लावून दोन्ही घरची पेरणी झाली. म्हातारा बांधावर बाभळीखाली उभा राहून बघायचा. आई दुपारी भाकरी घेऊन आली की आधी त्याच्याकडे जायची, आणि मग आमच्याकडे.