तक्त्यातली एक ओळ

गुरुपादप्पानं लेकीचे कागद आपल्या हातानं सरांच्या ताब्यात दिले, हे आधी सांगून टाकलेलं बरं. न्हाईतर वाचणारा म्हणंल, एवढी शिकलेली बाई, सात वर्षं एका क्लासात कशी काय अडकून बसली.

त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं औसा तालुक्यातलं गाव जमिनीवर बसलं, तवा शिवकांता पाच वर्षांची. गुरुपादप्पानं ढिगाऱ्यातून आधी तिला काढली, मग तिच्या मायला, आन तिसऱ्या खेपेला भांडी न्हाई, ज्वारी न्हाई, पत्र्याची पेटी काढली. पेटीत सातबारा, रेशनकार्ड, बापाच्या नावाचा फेरफार. त्या पेटीच्या जोरावर पुनर्वसनातलं घर त्याला बिनबोभाट मिळालं. शेजारच्या सटवाजीचे कागद मातीतच राहिले. तो चार वर्षं तहसिलाच्या पायऱ्या झिजवत होता, आन दर खेपेला कुणीतरी विचारायचं, तूच सटवाजी कशावरून? शिवकांता हे बघत मोठी झाली. कागदाला कसर लागू नये म्हणून गुरुपादप्पा दर दसऱ्याला पेटीतला कडुलिंबाचा पाला बदलायचा. घरात देवाला हार चुकला तर चालायचं, पाला चुकायचा न्हाई.

ती बीएस्सी झाली, कॉम्प्युटर शिकली आन दोन हजार अकरा साली लातुरात शेषेराव सरांच्या क्लासात लागली. तवा लातुरात गल्लीगल्लीत क्लास. मुरुडपासून भोकरपर्यंतची पोरं डबे-गाद्या घेऊन उतरायची आन दोन वर्षांनी डॉक्टर व्हायची न्हाईतर गुपचूप माघारी जायची. गुरुपादप्पा पेटी खांद्यावर टाकून नोकरीची जागा बघायला आला. तीन मजली इमारत. त्यानं प्रत्येक खांबावर बोटांनी वाजवून बघितलं, पाया किती हात खोल हे विचारलं, खिडक्यांवरनं भूकंपासाठीचा सिमेंटचा पट्टा फिरवलाय का ते बघितलं. मग सरांपुढं लेकीची दहावी-बारावीची गुणपत्रकं आन डिग्री ठेवली. म्हणाला, आमच्या घराला भेगा पडून राहिल्यात, हितं तुमच्याकडं पक्क्यात राहू द्या.

सर दुसऱ्या मास्तरांकडून असले कागद गोड बोलून, दटावून काढून घ्यायचे, म्हणजे मधेच कुणी दुसऱ्या क्लासात पळत न्हाई. हा बाबा आपणहून घेऊन आलेला. सरांनी कागद भिंतीतल्या लाकडी कपाटात ठेवले. गुरुपादप्पानं खांब बघितले. कपाट बघितलं न्हाई.

पुढं दोन वर्षांनी क्लास नव्या इमारतीत गेला. सरांच्या केबिनीत लोखंडी कपाट आलं, त्याची किल्ली सरांच्या कमरेला. दोन हजार चौदाला शिवकांताला हैदराबादचं एक काम मिळत होतं. सर म्हणाले, ही बॅच निघू द्या, मग कागद घेऊन जा. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली औरंगाबादचं मिळत होतं. सर म्हणाले, आता टंचाईत कुठं जाता. ती राहिली. कागद सोडून जावं, हे तिच्या मनातसुद्धा यायचं न्हाई. तिला सटवाजी दिसायचा.

तिची खोली जिन्याखाली. खिडकी नावाला, बाहेर दुसरी भिंत. टेबल तिनं दाराकडं तोंड करून लावलेलं, कारण भूकंपात ढिगाऱ्याखाली दोन तास अडकून पडली तवापासून तिला दार दिसल्याशिवाय बसवत न्हाई. त्याच खोलीत अर्धापूरची नाजिया टायपिंग करायची. ती म्हणायची, "शिवकांता, तू हितं नोकरी करून न्हाई राहिलीस, पहारा करून राहिलीस. फक्त कशावर, ते तुलाच ठाऊक न्हाई."

आता तक्त्याचं. क्लासात पंचवीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, उत्तरं, टिपणं साठलेली. सरांना पाहिजे होतं की एक शब्द टाकला की तो कुठंकुठं आला ते समोर यावं. 'परासरण' म्हटलं की सगळी परासरणं. शिवकांतानं पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा घरी बसून, व्हिडिओ बघूबघू शिकून घेतलं होतं. तिनं असं केलं की शब्द दिला की पायथॉन सगळ्या फायली चाळतं आन एक पान लिहून देतं, ब्राउझरमधी उघडणारं. पानावर तक्ता. एका रकान्यात फाईल, दुसऱ्यात साल, तिसऱ्यात सापडलेला शब्द मधोमध पिवळा करून, त्याच्या अलीकडं-पलीकडं आठ-आठ शब्द. ओळीच्या डोक्याला बारका त्रिकोण. त्यावर बोट दाबलं की ओळ खाली फाकते आन अख्खा मजकूर दिसतो. परत दाबलं की मिटते. नाजियाला हे लई आवडलं. म्हणाली, आमच्या सासूसारखं हाय, मिटलेली असली की आठ शब्द, कळ दाबली की सगळं खानदान.

पण सरांचं काही संपायचं न्हाई. साल घाला. मग धड्याचं नाव घाला. मग आकृत्या. दर खेपेला एकच, एवढं झालं की कागद घेऊन जा. ह्या वर्षी मात्र तिला घाई होती. नांदेडच्या एका संस्थेत मराठवाड्याच्या बोलीचा मजकूर गोळा करून असाच शोधता येईल असा करायचं काम निघालेलं. तिची निवड झाली होती. शुक्रवारी अकरा वाजता मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, न्हाईतर जागा यादीतल्या खालच्या नावाला. तिनं सरांना सांगितलं. सर म्हणाले, मंगळवारी तक्ता दाखवा, बुधवारी कागद घ्या, फक्त जुन्या कॉम्प्युटरमधलंबी सगळं त्यात आलं पाहिजे.

जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं जुन्या फॉन्टात. आता उघडलं की नुसती किडामुंगी. तिनं ते सगळं नव्या लिपीत उतरवायचा प्रोग्राम लिहिला आन निवडायच्या भानगडीत न पडता अख्खं कॉम्प्युटर त्यात ओतलं.

सोमवारी दुपारी एकच गोष्ट तपासायची राहिली होती. काहीच सापडलं न्हाई तर तक्ता कसा दिसतो? त्यासाठी न सापडणारा शब्द पाहिजे. प्रश्नपत्रिकेत कधीच येणार न्हाई असा कोणता शब्द, म्हणून तिनं आपलंच नाव टाकलं.

एक ओळ आली.

साल दोन हजार तेरा. पिवळ्या रंगात तिचं नाव, अलीकडं दुसऱ्याचं नाव, पलीकडं 'यांची मूळ प्रमाणपत्रे'. तिनं त्रिकोण दाबला. पोलीस ठाण्याला लिहिलेलं पत्र उघडलं. जुन्या कार्यालयातील भिंतीतील कपाटास वाळवी लागून खालील अकरा कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रे नष्ट झाली असून, दुय्यम प्रती मिळण्याकरिता दाखला द्यावा. खाली सरांचं नाव. जावक क्रमांकाची जागा मोकळी. म्हणजे पत्र कधी गेलंच न्हाई.

तिनं ओळ मिटवली. परत उघडली. नाजिया पाठीमागून वाचत होती. तिचेबी कागद सरांकडंच होते, पण ती नंतर लागलेली. तिनं एवढंच विचारलं की मग त्या लोखंडी कपाटात काय हाय.

मंगळवारी केबिनीत सर खुर्ची ओढून बसले. परासरण झालं, गुरुत्वाकर्षण झालं. ओळी फाकत होत्या, मिटत होत्या. सर खूश. म्हणाले, आता तुम्ही सांगा एखादा शब्द. शिवकांतानं आपलं नाव टाकलं आन त्रिकोणावर दाबून पडदा त्यांच्याकडं फिरवला.

सरांनी चष्मा काढून पुसला. पत्र छोटं होतं, पण त्यांना वाचायला लई वेळ लागला.

"सांगणारच होतो," ते म्हणाले. "पण तवा सगळे एकदम गेले असते. क्लास बसला असता."

"चार वर्षं मी दर बॅचला विचारत होते, सर."

"तुमचं काय नुकसान झालं? पगार कधी थांबवला का?"

नुकसान दाखवायला तिच्याजवळ कागद नव्हता. ती म्हणाली, "हेच पत्र आजच्या तारखेनं द्या. सही-शिक्क्यासकट. तक्ता तुमच्याकडं चालू हाय, नाजियाला वापरता येतो."

सरांनी सही केली. शिक्काबी मारला. वर म्हणाले, बाकीच्या दहा जणांना सांगू नका. तिनं शिक्का वाळू दिला आन पत्र उचललं.

बुधवारी सकाळी पोलीस ठाणं, दुपारी बोर्डाचं ऑफिस. दहावी-बारावीची दुय्यम गुणपत्रकं हितंच मिळतात, डिग्रीची प्रत नांदेडला, विद्यापीठात. बाबूनं अर्ज घेतला, शिक्का मारला, पावती फाडली आन म्हणाला, दोन-तीन आठवडे लागतील. तिनं विचारलं, एवढंच? तो म्हणाला, आणखी काय पाहिजे? क्लासपासून बोर्ड रिक्षानं दहा मिनिटं. सात वर्षं ती रोज त्या रस्त्यानं ये-जा करत होती. नांदेडच्या संस्थेत फोन लावला, तर तिथला माणूस म्हणाला, पावती घेऊन या तरी, साहेबांना विचारून बघू.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीसाठी ती स्टँडवर गेली, तर बाकावर गुरुपादप्पा बसलेला. पेटी मांडीवर. रविवारी तिनं फोनवर सांगितलं होतं, ह्या आठवड्यात कागद मिळतील. त्यानं पाला बदलून आणला होता.

तिनं त्याला सगळं सांगितलं. तो शेवटाला म्हणाला, "खांब तर मजबूत होते की गं."

"खांब अजूनबी मजबूत हायत, अप्पा."

तो पेटीच्या कडीशी चाळा करत बसला. नांदेडची गाडी लागली. गुरुपादप्पानं पेटी उघडली आन बोर्डाची पावती ठेवायला हात पुढं केला. हिरवागार पाला, त्याच्याखाली पंचवीस वर्षांपूर्वीचा सातबारा, कोपऱ्यात अजून थोडी माती.

शिवकांतानं पावती घडी करून आपल्याच पर्समधी टाकली आन चेन ओढली.

"ही माझ्याजवळ राहू द्या," ती म्हणाली. तो हात मागं घ्यायच्या आत ती गाडीत चढली. दाराजवळची जागा कुणीतरी रुमाल टाकून अडवली होती. ती आत सरकली आन दार दिसत न्हाई अशा मधल्या बाकावर बसली.